बैलाला इंग्रजीत काय म्हणतात?

माझे मोठे काका आणि त्यांच्या शेजारचे वावरवाले गेली अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कारण धुरा. (धुरा म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर थोडं थांबा. या लेखात तुमच्यासारखा आणखी एक जण येणार आहे.) पण वावरं लागून आहेत, पाणी एकाच नाल्याचं आहे, त्यामुळे न बोलता भागतही नाही. मग काका बैलाशी बोलतात. "ढवळ्या, सांग बरं त्याले, का थो यंदा पुन्हा हातभर धुरा कोरून राहिला." पलीकडून तो माणूस आपल्या बैलाला म्हणतो, "कोन कोरून राहिला ते साऱ्या गावाले मालूम हाय, म्हणा." आणि दोन्ही बैल शांतपणे रवंथ करत असतात.

मी ही गोठ सांगते तेव्हा काकांचा आवाज काढते, शेजाऱ्याचा काढते आणि मधे कंटाळलेल्या बैलाचा चेहरा करते. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी कुठलंही लग्न असो, रात्री जेवणं झाली की कुणीतरी म्हणतंच, "पोट्टे, ते बैलाची गोठ सांग." दहा वेळा ऐकलेले लोक अकराव्यांदाही लोळून हसतात.

दोन वर्षांपूर्वी मनीषनगरच्या एका कॅफेत मी हीच गोठ एका मुलाला इंग्रजीत सांगितली.

"माय अंकल अँड हिज नेबर, दे डोन्ट टॉक," इथपर्यंत बरं चाललं होतं. मग धुरा आला. मी 'फार्मची बाउंड्री' असं काहीतरी म्हणाले आणि त्यातला सगळा जीव गेला. मग बैल आला. बैलाला काय म्हणायचं? बुल म्हटलं की स्पेनमधला अंगावर येणारा सांड दिसतो. ऑक्स म्हटलं की पाठ्यपुस्तकातलं चित्र. शाळेत बुलक-कार्ट शिकवली होती, पण त्या गाडीतून बुलक एकटा बाहेर काढता येतो का, याची खात्री नव्हती. मी हा विचार करत असताना गोठ टेबलावर तशीच थांबून होती, कॉफीसारखी गार होत. शेवटी म्हणाले, "सो, दे टॉक थ्रू द... बुल."

तो हसला नाही. मान हलवून म्हणाला, "दॅट्स सो इंटरेस्टिंग."

निघताना त्याने मनापासून सांगितलं की मी खूप 'क्वाएट' आहे आणि त्याला ते आवडलं. मी! माझ्या आईला कुणी सांगितलं की तुमची मुलगी शांत आहे, तर ती आधी ताप आहे का बघेल.

मिहानची इंग्रजी

गैरसमज नको. मला इंग्रजी येते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, पण राज्यात २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झालं होतं, आणि आमची सगळी पिढी एबीसीडी आणि अआइई एकाच पाटीवर गिरवत मोठी झाली. आता मी मिहानमधल्या एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिते. दिवसभर इंग्रजीतच असते. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी कशी मागायची, चिडलेल्या माणसाला कसं थंड करायचं, नाही म्हणताना हो म्हटल्यासारखं कसं म्हणायचं, हे सगळं येतं. मला इंग्रजीत माफी मागता येते. मजाक करता येत नाही.

आणि पहिल्या भेटीत माफी मागून काय उपयोग?

मनीषनगरात राहणाऱ्यांना हे नवीन नाही. वर्धा रोडच्या अलीकडे, रेल्वेलाइनच्या पलीकडे, उज्ज्वलनगरच्या मेट्रो स्टेशनवरून चालत येता येईल अशा अंतरावर ही वस्ती. पूल झाला तरी पत्ता सांगताना लोक अजून फाटकाचंच नाव घेतात. इथे आमच्यासारखी वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदियाकडून आलेली पोरंपोरी खोल्या घेऊन राहतात. कुणी मिहानला जातं, कुणी स्पर्धा परीक्षा देतं, कुणी दोन्ही. आमच्या इमारतीत मी रोज चार मजले चढते आणि चार भाषाही. घरी फोनवर वऱ्हाडी. घरमालकीणबाईंशी शाळेतली मराठी. भाजीवाल्याशी हिंदी. ऑफिसात इंग्रजी.

हिंदीचं बाहेरच्यांना नवल वाटतं. नागपुरात दोन मराठी माणसं अनोळखी असतील तर बोलणं हिंदीत सुरू होतं, आणि पाच मिनिटांनी आडनाव कळल्यावर "अरे, मग मराठीतच बोला ना" असं होतं. यामागे इतिहास आहे. हे शहर आधी मध्य प्रांताची आणि मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, तिथल्या सरकारात हिंदी आणि मराठी दोन्ही चालायच्या, आणि महाराष्ट्र तर १९६० मध्ये आला. एका भाषेतून दुसरीत जाण्याची आम्हाला इतकी सवय आहे की त्यात लाज वाटावी असं काही नाही, असं मला वाटायचं.

पण डेटिंग अ‍ॅपवर गेल्यावर कळलं की इथे भाषा बदलत नाही. पहिला मेसेज ज्या भाषेत गेला, तीच त्या दोघांची भाषा होऊन बसते. अ‍ॅपचे प्रश्न इंग्रजीत, म्हणून उत्तरं इंग्रजीत, म्हणून "हे" इंग्रजीत, म्हणून चॅट इंग्रजीत, आणि मग कॅफेत समोरासमोर बसल्यावर अचानक मराठीत बोलायचं म्हणजे मधेच कपडे बदलल्यासारखं वाटतं. तो मुलगा मराठी होता. आडनावावरून कळत होतं. मीही मराठी आहे हे त्याला कळत होतं. आम्ही दोन तास एकमेकांशी परक्या भाषेत आदराने वागलो.

अ‍ॅपवरच्या बायोंबद्दल एकच गोष्ट सांगते. दर चौथ्या-पाचव्या मुलाने लिहिलेलं असतं की तो 'सार्कॅझममध्ये फ्लुएंट' आहे. हे वाचून मला माझी आजी आठवते. तिने आयुष्यात एकही वाक्य टोमण्याशिवाय पूर्ण केलं नाही, पण तिला हे कुठे लिहून ठेवावं लागलं नाही. ज्याला टोमणा मारता येतो तो मारतो. ज्याला तो परक्या भाषेत मारायचा असतो, त्याला आधी पाटी लावावी लागते.

प्रेमकथा की तोंडी परीक्षा?

त्या कॅफेतून घरी आल्यावर मी जे केलं ते तुम्हीही केलं असतं. अशा गोष्टींवरचे सिनेमे बघितले. माझ्यासारख्यांवर कुणीतरी काहीतरी केलंच असेल ना? आहे की. आणि ते सगळं पुन्हा बघताना, वाचताना एक गोष्ट खटकत गेली, तीच इथे मांडायची आहे.

पहिला अर्थातच गौरी शिंदेंचा 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२). शशी गोडबोले, पुण्याची गृहिणी, लाडवांचा छोटा व्यवसाय. मुलीला आईच्या इंग्रजीची लाज वाटते, नवरा चेष्टा करतो. बहिणीकडच्या लग्नासाठी ती न्यूयॉर्कला जाते, कॅफेत कॉफी मागताना तिची फजिती होते, आणि ती कुणाला न सांगता चार आठवड्यांच्या इंग्रजीच्या वर्गाला जाऊ लागते. त्या कॅफेच्या प्रसंगाला मी आजही रडते. श्रीदेवीने रांगेत मागच्या लोकांचं ओझं पाठीवर कसं येतं ते नुसत्या खांद्यांनी दाखवलं आहे.

पण शेवट आठवा. लाडू सांडतात, पुन्हा वळावे लागतात, त्यात वर्गाची शेवटची परीक्षा हुकते. मग लग्नात नवरा तिच्या वतीने माफी मागायला लागतो तेव्हा ती उभी राहते आणि इंग्रजीत भाषण करते. वर्गाचे सर तिथे पाहुणे असतात. त्या भाषणावर ती पास होते, तेही विशेष गुणवत्तेत. म्हणजे सिनेमाने परीक्षा टाळली असं वाटतं, पण खरं तर ती वर्गातून उचलून मांडवात आणली.

दुसरं चेतन भगतांचं 'हाफ गर्लफ्रेंड', कादंबरी २०१४ ची, सिनेमा २०१७ चा. बिहारमधल्या डुमरावचा माधव झा बास्केटबॉलच्या जोरावर दिल्लीच्या नामांकित कॉलेजात येतो, इंग्रजीत अडखळतो, श्रीमंत घरच्या रियाच्या प्रेमात पडतो. हे माझंच जग. आमच्या हॉस्टेलवर या पुस्तकाची एक प्रत इतक्या जणींनी वाचली होती की मुखपृष्ठ गळून पडलं होतं, त्यामुळे या पुस्तकाला नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. पण इथेही तेच. गोष्टीचा मोठा प्रसंग कोणता? माधवच्या शाळेत बिल गेट्स येणार आणि माधवने इंग्रजीत भाषण करायचं. त्याची तयारी कोण करून घेते? रिया. ज्या दिवसांत दोघं सर्वांत जवळ येतात, त्या दिवसांत ती त्याची शिकवणी घेत असते.

आणि कादंबरीत आणखी एक गंमत आहे. माधव स्वतः गोष्ट सांगतो, 'मी' म्हणून. बोलताना तो अडखळतो, पण सांगताना त्याची इंग्रजी घसरत नाही. त्याचं न येणं फक्त अवतरणचिन्हांत राहतं. वाचायला सोपं जावं म्हणून हे ठीकच आहे. पण त्यामुळे एक गोष्ट कधीच दिसत नाही. भोजपुरीत किंवा हिंदीत हा माधव कसा बोलतो? मित्रांत तो विनोदी आहे का? फटकळ आहे का? आपल्याला तो फक्त इंग्रजी कमी येणारा मुलगा म्हणून माहीत होतो. रियालाही तसाच.

शशीचंही तेच. ती गोडबोले, पुण्याची, आणि तिच्या घरात सगळे हिंदीत बोलतात. हिंदी सिनेमा आहे, मला कळतं. पण इंग्रजी, हिंदी आणि फ्रेंच ऐकू येणाऱ्या या सिनेमात तिची स्वतःची मराठी जवळजवळ नाहीच. जिच्या तोंडची भाषा गेली ती बाई कोणत्या भाषेत तिखट होती, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

म्हणून माझी तक्रार अशी. आपल्या गोष्टींनी इंग्रजी न येण्याचं दुःख ओळखलं, पण त्यावर उपाय म्हणून भाषण दिलं. भाषणाला वेळ मिळतो. ते पाठ करता येतं. लोक गप्प बसून ऐकतात. ओळख होताना यातलं काहीच नसतं. तिथे समोरच्याने काहीतरी म्हटलं की अर्ध्या सेकंदात उलटं काहीतरी म्हणावं लागतं. तो अर्धा सेकंद गेला की तुम्ही कितीही शुद्ध बोला, तुम्ही 'क्वाएट' असता. कॅफेत माझं व्याकरण चुकलं नव्हतं. मी फक्त उशिरा पोचत होते, स्वतःच्याच गोष्टीला.

मंजुळा आणि एलायझाची मावशी

हे इंग्रजीचंच आहे असं मात्र नाही. इंग्रजी येण्याआधी ही परीक्षा मराठीने घेऊन झाली होती.

सहावीत असताना पुण्याच्या एका नातेवाइकांकडे गेले होते. मी म्हणाले, "मी जेवून राहिली." तिथल्या मुलांनी ते वाक्य चार दिवस घरभर फिरवलं. कुणी खेळून राहिलं, कुणी झोपून राहिलं. मीही हसले. परत आल्यावर मात्र पाहुण्यांसमोर 'जेवतेय' म्हणायला शिकले. इंग्रजीच्या लाजेचा पाया असा मराठीतच भरला गेला होता. वरचा मजला नंतर चढला.

याची गोष्ट सांगणारं नाटक आपल्याकडे १९७५ पासून आहे. पु. ल. देशपांड्यांचं 'ती फुलराणी', बर्नार्ड शॉच्या १९१३ च्या 'पिग्मॅलियन'वर आधारलेलं. भाषेच्या प्राध्यापकाने रस्त्यावर फुलं विकणाऱ्या मंजुळेला प्रमाण मराठी शिकवायची आणि बड्या लोकांत खपवून दाखवायची. पुन्हा शिकवणी, पुन्हा परीक्षा. फरक इतकाच की पुलंना त्या परीक्षेची फिकीर कमी होती. भक्ती बर्वेंनी अजरामर केलेलं मंजुळेचं स्वगत कोणत्या भाषेत आहे ते बघा. शिकवलेल्या नाही, तिच्या स्वतःच्या. ती चिडलेली आहे, प्राध्यापकाचा सूड कसा घेईन याची स्वप्नं रंगवते आहे, आणि रंगमंच पूर्ण तिचा आहे. आजही एकपात्री स्पर्धेत मुली तेच स्वगत घेतात. सुधारलेल्या मंजुळेचं बोलणं कुणी पाठ करत नाही.

शॉच्या मूळ नाटकात तर याहून नेमका प्रसंग आहे. प्राध्यापकाच्या आईच्या घरी चहाला बसलेली एलायझा उच्चार अगदी शुद्ध करते, विषयही ठरवून दिलेले, हवामान आणि तब्येत. पण बोलता बोलता ती आपल्या मावशीच्या मरणाची गोष्ट सांगायला लागते. लोक म्हणतात फ्लूने गेली, पण तिचा संशय आहे की कुणीतरी तिला संपवलं. मग तिची हॅट कुठे गेली, मग जिन, सगळं येतं. उच्चार राणीचे आणि गोष्ट वस्तीतली. सगळे अवघडून जातात. एकटा फ्रेडी नावाचा तरुण हसून लोटपोट होतो आणि तिथल्या तिथे तिच्या प्रेमात पडतो.

फ्रेडी काही फार कर्तबगार नाही. शॉने त्याला बावळटच रंगवलाय. पण त्या खोलीत तिची बैलाची गोठ ज्याला कळली तो तोच.

'इंग्लिश विंग्लिश'मध्येही असा एक क्षण आहे, आणि सिनेमाचा तोच भाग मला सर्वांत खरा वाटतो. वर्गातला फ्रेंच आचारी लॉरों आणि शशी, दोघांनाही इंग्रजी धड येत नाही. एका वेळी तो सरळ फ्रेंचमध्ये बोलायला लागतो, ती हिंदीत. शब्द कळत नाहीत, पण कुणी कुणाच्या मागे पडत नाही. तिथे ती 'शिकणारी' नसते. पूर्ण बाई असते. सिनेमा मात्र तिथे थांबत नाही, त्याला मांडवात पोचायची घाई आहे. शशी पुढे भाचीला सांगते की तिला प्रेम नको, थोडा मान हवा, आणि ते खरंच आहे. मला फक्त वाटतं की तो मान तिला भाषणाच्या आधीच, त्या दोन भाषांच्या गप्पांत मिळाला होता.

आणि 'सैराट' (२०१६). आर्ची गावात इंग्रजीचा धाक घालते, तो डायलॉग आपल्याला पाठ आहे. पण दुसऱ्या अर्ध्यात काय होतं? ती आणि परशा हैदराबादला जातात, तिथे ना तिचं इंग्रजी कामाचं, ना पाटलाच्या पोरीची मराठी. ती कारखान्यात काम करते आणि सोबतच्या बाईकडून तेलुगू शिकते. यावर एकही टाळी नाही, भाषण नाही, प्रमाणपत्र नाही. एका दृश्यात येत नसलेली भाषा पुढच्या कुठल्यातरी दृश्यात तिच्या तोंडात असते, बस. जगात बहुतेक लोक भाषा अशाच शिकतात. नागराज मंजुळेंनीच पुढे आमच्या नागपूरवर 'झुंड' (२०२२) केला, त्यातली पोरं आमच्या गल्लीतली हिंदी-मराठी बोलतात आणि त्यांचे बोराडे सर त्यांना फुटबॉल शिकवतात, बोलायला शिकवत नाहीत. थिएटरमध्ये ती भाषा मोठ्या आवाजात ऐकताना मला कळलं की आपण पडद्यावर किती कमी वेळा असतो.

रूममेटचं म्हणणं

इथपर्यंतचं सगळं मी माझ्या रूममेटला ऐकवलं. मला वाटलं ती टाळी देईल. ती भांडी घासत होती, घासतच राहिली. मग म्हणाली, "तुले तुही बोली गोड लागते. कारण ती ऐकून कोनी तुले जात नाही विचारत."

ती चंद्रपूरकडची, बौद्ध. तिचा अनुभव असा की मराठीत बोलणं सुरू झालं की तिसऱ्या मिनिटाला गाव येतं, पाचव्याला आडनाव, आणि त्यानंतर समोरच्याच्या आवाजात काहीतरी बदलतं. कधी दया येते, कधी थंडावा. इंग्रजीत ती फक्त एक मुलगी असते, जिला ट्रेकिंग आवडतं आणि कोरिअन सीरियल आवडतात. "इंग्रजीत मी शांत वाटत असीन तर वाटू दे. मराठीत मी आधी कोनतरी असते."

मी गप्प झाले. सावित्रीबाई फुल्यांनी 'काव्यफुले'त, म्हणजे १८५४ मध्ये, इंग्रजीला माउली म्हटलं होतं, हे आम्ही शाळेत पंचवीस वेळा ऐकलं असेल. बाबासाहेबांचं बहुतेक महत्त्वाचं लेखन इंग्रजीत आहे, हेही. दीक्षाभूमी आमच्या खोलीपासून फार तर अर्ध्या तासावर. पण माझ्या कॅफेच्या गोष्टीशी याचा संबंध आहे, हे मला सुचलं नव्हतं. मी इंग्रजीत काय हरवते ते मोजत होते. तिला इंग्रजीत काय मिळतं ते मी मोजलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही मिळतंच. 'आय लव्ह यू' आपण सगळे इंग्रजीतच म्हणतो, कारण 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हटलं की मागे आत्या, मामी, मोठे काका उभे असल्यासारखे वाटतात. इंग्रजीत नातेवाईक नसतात. म्हणून तिथे मोकळं वाटतं, आणि म्हणूनच तिथे बैलही नसतो.

त्यामुळे 'आपल्या भाषेत प्रेम करा' असं काही मी आता म्हणणार नाही. प्रश्न कोणती भाषा हा नाहीच. समोरचा माणूस तुम्हाला तुमचा अर्धा सेकंद देतो का, हा आहे. आणि आपल्या गोष्टींवर माझी उरलेली तक्रारही हीच. त्या नेहमी न येणाऱ्यालाच शिकायला पाठवतात. शशी शिकते, माधव शिकतो, मंजुळा शिकते. शशीच्या नवऱ्याने, रियाने, प्राध्यापक जहागीरदारांनी काय शिकावं, याची शिकवणी कुणी लावलेली नाही.

धुरा

त्या मुलाला मी आठवडाभर उत्तर दिलं नाही. मग एका रात्री, रूममेटच्या म्हणण्यानंतर दोन दिवसांनी, व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला एक व्हॉइस नोट पाठवली. दोन मिनिटं चाळीस सेकंद. बैलाची गोठ, पहिल्यापासून, वऱ्हाडीत, काकांच्या आवाजासकट, शेजाऱ्यासकट. बैलाचा चेहरा पाठवता आला नाही.

निळ्या टिकल्या आल्या. मग बराच वेळ काही नाही. मी फोन उशीखाली ठेवला, काढला, ठेवला.

मग त्याचीही व्हॉइस नोट आली, मराठीत. त्याची मराठी जरा जपून चालल्यासारखी होती, अनोळखी घरात अंधारात चालावं तशी. इंग्रजी शाळा, आईवडील दोघं नोकरीला, घरी अर्धी हिंदी. तो म्हणाला की त्याने ती तीनदा ऐकली. हसला, पण उशिरा हसला, कारण एक शब्द लागत नव्हता. "धुरा म्हणजे काय? मला वाटलं धूर. मला वाटलं, एवढा धूर कोण करतंय आणि तो कोरतात कसा?"

मी इतकी हसले की रूममेट उठून बसली.

मग मी त्याला सांगितलं. धुरा म्हणजे दोन वावरांच्या मधली मातीची उंच पट्टी. पश्चिम महाराष्ट्रात बांध म्हणतात. त्यावर कुणी पेरत नाही. त्यावरून दोघांनाही चालता येतं. पण दरवर्षी नांगरताना एखादा तो थोडा थोडा आपल्याकडे कोरत जातो, आणि मग दुसऱ्याला पाय ठेवायला जागा उरत नाही. हे सांगताना माझ्या लक्षात आलं की मी त्याच्या उत्तराची वाट बघत होते, आणि वाट बघणं जड जात नव्हतं. तो विचारत होता, थांबत होता, पुन्हा विचारत होता. ज्या खुर्चीत त्या दिवशी मी बसले होते, त्यात आता तो होता, आणि त्याला लाज वाटत नव्हती. मला त्याचा थोडा हेवा वाटला.

आमचं काही झालं नाही. आणखी तीनदा भेटलो, एकदा फुटाळ्याला, दोनदा त्याच कॅफेत, आणि भाषा हवी तशी बदलत राहिली. मग त्याला पुण्यात नोकरी लागली. भाषेमुळे काही बिघडलं नाही. ज्यामुळे बिघडतं त्यामुळेच बिघडलं, अंतर आणि आळस.

मागच्या महिन्यात त्याचा मेसेज आला. ऑफिसात कुणाशी तरी टेबलाच्या जागेवरून वाजलं होतं. इंग्रजीत दोन ओळी होत्या, आणि खाली मराठीत एक: "माझा धुरा कोरून राहिले. बैल आहे का तुझ्याकडे?"

या वेळी मला हसायला अर्धा सेकंदही लागला नाही.